दम लागला म्हणजे ऑक्सिजन कमी झाला, असं नसतं

प्रश्न शिरोळ तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: सासरे ६७ वर्षांचे. उमेदीची ३० वर्षं गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारण्यात गेली, जोडीला विडी. आता सीओपीडी आहे, म्हणजे धुरानं फुप्फुसं कायमची खराब होण्याचा आजार. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) आणलाय, तो मिनिटाला एक लिटरवर ठेवायला सांगितलं होतं. एका रात्री बोटावरच्या यंत्रात ८९ दिसलं, म्हणून धाकट्या दिरांनी काळजीपोटी काटा पाचवर नेला. आकडा ९८ झाला आणि सगळे निवांत झोपले. पहाटे सासरे हाकेला ओ देईनात. दवाखान्यात तोंडावर घट्ट मास्क बांधून मशीननं श्वास दिला, तेव्हा कुठे दुपारी उठून त्यांनी चहा मागितला. ताई विचारतात, ऑक्सिजन जास्त झाल्यानं माणूस बेशुद्ध कसा होतो? मुळात शरीराला ऑक्सिजन कमी-जास्त झालेला कळतो तरी कसा? आणि जाता जाता एक ओळ: "मुलगा विहिरीत पोहायला शिकतोय. बुडी मारायच्या आधी पोरं जोरजोरात वीस-वीस श्वास घेतात, ते बरोबर आहे का?"

ताई, तुम्हाला हे तीन प्रश्न वाटतायत, मला त्यात एकच दिसतो. मी कोल्हापुरात २७ वर्षं भूलतज्ज्ञ आहे. अर्धा दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये जातो, अर्धा आयसीयूत. रोज चार-पाच माणसांचा श्वास औषधानं थांबवायचा आणि काम झालं की परत सुरू करून द्यायचा, हा माझा धंदा. त्यामुळे श्वास कशावर चालतो याबद्दलचं माझं मत पुस्तकांपेक्षा मॉनिटरकडे बघत बसून जास्त बनलंय. रोजच्या व्यवहारात श्वास ऑक्सिजनवर चालत नाही, तो कार्बन डायऑक्साइडवर चालतो. ऑक्सिजनवर नजर ठेवणारा राखणदार शरीरात आहे, पण तो उशिरा जागा होतो आणि जागा झाला तरी फार मोठ्यानं ओरडत नाही. तुमच्या तिन्ही गोष्टी या एका खोडीतून येतात.

खोटं वाटत असेल तर आत्ताच करून बघा. (तुम्ही; सासऱ्यांना करायला लावू नका.) घरात ऑक्सिमीटर, म्हणजे बोटावरचं ते यंत्र, आहेच, तो बोटाला लावा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि नाक धरा. अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर छातीत कालवाकालव सुरू होईल आणि हात आपोआप नाकावरून सुटेल. त्या क्षणी ऑक्सिमीटरचा आकडा फारसा हललेलाही नसेल. मग ती कालवाकालव कसली? बाहेर पडायला वाट न मिळालेल्या कार्बन डायऑक्साइडची. हे नीट मोजून दाखवलं ते ऑक्सफर्डच्या हॉल्डेन आणि प्रिस्टली या दोघांनी, १९०५ मध्ये. फुप्फुसाच्या तळातली हवा गोळा करून त्यांनी दाखवलं की माणूस डोंगरमाथ्यावर असो की खाणीच्या तळाशी, शरीर तिथल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब जिद्दीनं एका पातळीवर धरून ठेवतं.

ही जिद्द जिथून चालते ती जागा म्हणजे लंबमज्जा, मेंदू खाली मानेत उतरतो तो देठ. तिथे चेतापेशींचा एक छोटा पुंजका श्वासाचा ठेका धरतो. त्याचं नाव प्री-बॉट्झिंगर. शास्त्रज्ञाचं आडनाव वाटतं, पण ते जर्मनीतल्या बॉट्झिंगन गावच्या वाइनच्या बाटलीवरून पडलंय. मेंदूचा हा भाग शोधणाऱ्यांना शेजारच्या पुंजक्याला नाव सुचत नव्हतं आणि बाटली समोर होती. ठेका तिथला, पण तो किती जलद आणि किती खोल धरायचा, हे ठरवणाऱ्या संवेदक पेशी लंबमज्जेच्या पुढच्या पृष्ठभागालगत बसलेल्या असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतीच्या पाण्यात सहज झिरपतो आणि ते पाणी आंबट करतो. या पेशींना तो आंबटपणा कळतो. त्याही इतक्या काटेकोर की दाब नेहमीच्या ४० मिलिमीटरवरून (हे पाऱ्याचे मिलिमीटर, रक्तदाबासारखे) नुसता एकनं वाढला, तरी मिनिटाला दोन-तीन लिटर हवा जास्त आत-बाहेर होते. बसल्या जागी आपण सगळी मिळून सहा-सात लिटर घेतो, त्यात हे!

आता ऑक्सिजन बघा. धमनीत त्याचा दाब ९०-९५ असतो. तो ८० झाला, ७० झाला, तरी श्वासात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ६० च्या खाली गेला की मग श्वास झपाट्यानं वाढायला लागतो. एकाच्या बाबतीत पै-पैचा हिशेब आणि दुसऱ्याच्या बाबतीत तिजोरी एक-तृतीयांश रिकामी होईपर्यंत गप्प, असं का?

कारण हिमोग्लोबिन, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा हमाल. दाब ९५ वरून ६० पर्यंत उतरला तरी हिमोग्लोबिनवरचा ऑक्सिजन ९७ टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंतच उतरतो. पेशींना मिळणारा माल जवळपास तेवढाच राहतो, मग आरडाओरड कशाला? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. रत्नागिरीच्या मानानं आपल्या हवेत ऑक्सिजनचा दाब कमी आहे, पण एसटीनं आंबा घाट चढून आलेल्या कुणाला बसमधून उतरताना धाप लागलेली मी बघितली नाही. दाब ६० च्या खाली गेला की मात्र हिमोग्लोबिनवरचा हा टक्का कड्यासारखा कोसळतो. ऑक्सिमीटर दाखवतो तो हाच टक्का. तुम्हाला दवाखान्यात ९०चा आकडा पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो तो यामुळेच: ९० च्या वर पठार आहे आणि खाली कडा.

तर हा उशिरा उठणारा राखणदार कुठे असतो? जबड्याच्या कोनाखाली मानेवर दोन बोटं ठेवा, नाडी लागेल. तिथेच वर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला फाटा फुटतो आणि त्या बेचक्यात एक गाठ असते, डावीकडे एक, उजवीकडे एक. आकार तांदळाच्या दाण्याएवढा, तोही आजऱ्याच्या घनसाळसारखा बुटका. तिला कॅरोटिड बॉडी म्हणतात. वजनाच्या मानानं बघितलं तर शरीरातल्या कुठल्याही अवयवापेक्षा जास्त रक्त या दाण्यातून वाहतं, मेंदू आणि हृदयही मागे पडतात. स्पेनच्या फर्नांदो दे कास्त्रो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना बघून ही गाठ रक्ताची चव घेत असावी असं सांगितलं होतं. बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांनी प्रयोगांनी ते सिद्ध केलं आणि १९३८ चं नोबेल त्यांना मिळालं. दे कास्त्रोंच्या वाट्याला काही आलं नाही. मला ते अजून खटकतं.

या गाठीतल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्यांच्या कातडीवरची पोटॅशियमची दारं बंद होतात, पेशीतला विजेचा तोल बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि त्या आपल्याजवळची रसायनं शेजारच्या नसेवर सोडतात. नस तो निरोप लंबमज्जेत पोचवते. सगळं मिळून दोन-चार सेकंदांचं काम. पूर्वी जपानमध्ये दम्यावर उपचार म्हणून ही गाठच काढून टाकायचे. काही रोग्यांना बरं वाटायचं, कारण गुदमरल्याची भावना कमी व्हायची. दमा तिथेच, फक्त राखणदार गेलेला! अशा माणसाला ऑक्सिजन कमी पडला तरी त्याचा श्वास वाढत नाही.

आता एक बारकी गोष्ट, पण हिच्यानं माणसं मरतात. ही गाठ रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब ओळखते, हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन लादलाय ते ओळखत नाही. म्हणून हिमोग्लोबिन सहावर आलेली बाई घरात धुणीभांडी करत फिरते. दाब ठीक आहे, गाठ शांत आहे. आणि म्हणूनच बंद बाथरूममधला गॅस गिझर जीव घेतो. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोरानं हिमोग्लोबिनला चिकटतो, पण विरघळलेल्या ऑक्सिजनच्या दाबाला धक्का लावत नाही. कार्बन डायऑक्साइडही वाढत नाही. दोन्ही राखणदार गाफील. ना धाप, ना घुसमट. थोडं डोकं जड होतं, पाय गळतात आणि माणूस खाली बसतो तो उठत नाही. एका डिसेंबरात पहाटे आमच्याकडे आणलेल्या मुलीचा ऑक्सिमीटर ९९ दाखवत होता आणि ती शुद्धीत नव्हती. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. ती वाचली, कारण आईनं दार फोडायला लावलं होतं आणि आल्या आल्या गिझरचा उल्लेख केला होता. तुमच्याकडे गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर हे वाचून झाल्यावर तो बाहेरच्या भिंतीवर कसा नेता येईल ते बघा.

ऑक्सिजन नुसता कमी होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, तेव्हा माणसाला त्रास होत नाही, उलट बरं वाटतं, हे फार जुन्या एका घटनेवरून कळलेलं आहे. एप्रिल १८७५ मध्ये तीन फ्रेंच माणसं झेनिथ नावाच्या फुग्यातून आठ हजार मीटरच्या वर गेली. ऑक्सिजनच्या पिशव्या हाताशी होत्या. वेळ आली तेव्हा त्यांना हात उचलता आला नाही. दोघं गेले, तिसरा तिसांदिए वाचला. त्यानं लिहून ठेवलंय की वर असताना कसलीच यातना नव्हती, उलट एक आतला आनंद होता. आपण संकटात आहोत हे त्यांना कळलंच नाही.

याचीच दुसरी आवृत्ती आपण २०२१ च्या उन्हाळ्यात बघितली. कोविड वॉर्डात सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरचा आकडा) ८० असलेली माणसं कॉटवर मांडी घालून मोबाइलवर बोलत होती. "मला काही झालेलं नाही, घरी सोडा" म्हणून भांडत होती. नातेवाइकांना वाटायचं मशीन बिघडलंय. मशीन बरोबर होतं. त्यांची फुप्फुसं सुरुवातीला लवचिक होती, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर जात होता, बऱ्याचदा नेहमीपेक्षा कमीच असायचा, आणि तो कमी असला की ऑक्सिजनच्या राखणदाराचा आवाजही दबतो. ज्या जपानी इंजिनिअरनं, ताकुओ आओयागी यांनी, १९७४ मध्ये हे बोटावर मोजण्याचं तत्त्व शोधलं, ते २०२० च्या एप्रिलमध्ये वारले. त्यांचं यंत्र खेड्यापाड्यातल्या घराघरात गेलं ते त्यानंतरच्या वर्षभरात.

मग दम लागतो म्हणजे नक्की काय होतं? आपल्या भाषेत यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे मला डॉक्टरी पुस्तकात सापडले नाहीत, आणि मी रोग्याला ते वेगळे करून विचारतो. "धाप लागते की गुदमरतंय? की श्वास पुरत नाही?" गुदमरणं, घुसमटणं म्हणजे बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड. श्वास पुरत नाही, छाती भरत नाही म्हणजे फुप्फुसं किंवा छातीचा पिंजरा आखडलाय आणि स्नायूंना जास्त जोर लावावा लागतोय. आडवं पडलं की दम कोंडतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, असं म्हणणाऱ्याचं आधी हृदय बघायचं. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं आणि तिथल्या केशवाहिन्यांजवळची नसांची टोकं ते ओळखून श्वास उथळ आणि जलद करतात. ही टोकं शोधली दिल्लीच्या डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी, १९५० च्या दशकात. जगभर त्यांना जे-रिसेप्टर म्हणतात. आपल्याकडच्या किती डॉक्टरांना हा शोध आपल्या माणसाचा आहे हे ठाऊक असतं, ते सोडा.

आणि धाप? ती तालमीत बघावी. पैलवान शंभर बैठका मारून उठतो तेव्हा त्याची हवा बसल्या वेळेच्या दहा-पंधरा पट वाढलेली असते. या वेळी धमनीतलं रक्त तपासलं तर ऑक्सिजन जवळपास तेवढाच, कार्बन डायऑक्साइडही तेवढाच किंवा थोडा कमीच. म्हणजे कुठलाच राखणदार ओरडलेला नाही, तरी भाता चालू झालाय. मेंदू मांड्यांना हुकूम सोडतो त्याच वेळी श्वासाच्या केंद्रालाही कळवून ठेवतो, आणि हलणाऱ्या स्नायू-सांध्यांतूनही निरोप जात राहतात. गरज पडायच्या आधीच पुरवठा वाढतो. वस्ताद ज्याला दमसास म्हणतात तो पुष्कळसा हृदयाचा आणि स्नायूंचा असतो; ऑक्सिमीटर लावून तो मोजता यायचा नाही. एक पालक मुलाला जोर मारताना ऑक्सिमीटर लावून बसलेले मी बघितलेत, म्हणून हे लिहिलं.

आता सासऱ्यांकडे येतो.

मी शिकत होतो तेव्हा एकच कारण शिकवायचे. सीओपीडीच्या काही रोग्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं चढलेला असतो, ५०, ५५, ६०. मूत्रपिंडं क्षार साठवून त्याचा आंबटपणा मारतात, मेंदूचा संवेदक त्या पातळीला सरावतो आणि मग श्वासाची भिस्त ऑक्सिजनच्या राखणदारावर जास्त पडते. अशा माणसाला भरपूर ऑक्सिजन दिला की तो राखणदारही झोपतो आणि श्वास मंदावतो. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. अशा रोग्यांचा मिनिटाचा श्वास मोजला तर ऑक्सिजन दिल्यावर तो थोडासाच उतरतो, आणि कार्बन डायऑक्साइड मात्र त्या मानानं कितीतरी जास्त चढतो. म्हणजे मुख्य चोर दुसरीकडे आहे.

तो फुप्फुसातच आहे. तुमच्याकडे ऊस असेल, रात्री दारं धरायला कोण जातं ते आठवा. ज्या सरीत पाणी घालून उपयोग नाही तिचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पाणी चांगल्या सरीकडे वळवायचं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या हेच करतात. धुरानं खराब झालेल्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथे ऑक्सिजन कमी असतो. त्या खुणेवरून तिथली वाहिनी आकसते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. सासऱ्यांच्या फुप्फुसानं अशी निम्मी दारं गेल्या कित्येक वर्षांत हुशारीनं बंद केलेली असतील. पाच लिटर ऑक्सिजन सुरू झाला की त्या खराब भागातही ऑक्सिजन झिरपतो. वाहिनीला वाटतं हा भाग सुधारला, ती उघडते. रक्त तिकडे धावतं. त्याला ऑक्सिजन मिळतो, म्हणून बोटावर ९८ दिसतं. पण तिथली हवा बाहेर जातच नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइड टाकायला जागा नसते. तो तसाच परत रक्तातून फिरत राहतो.

त्यात तिसरी भर. हिमोग्लोबिन ऑक्सिजनबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही वाहून नेतं. त्याच्यावर ऑक्सिजन जास्त लादला की ते कार्बन डायऑक्साइडला खाली उतरवतं आणि रक्तातला त्याचा दाब आणखी वाढतो. निरोगी माणूस दोन श्वास जास्त घेऊन तो बाहेर टाकेल. सासऱ्यांची छाती आधीच थकलेली आहे, ते जास्तीचे दोन श्वास आणणार कुठून? दाब ८०-९० वर गेला की कार्बन डायऑक्साइड स्वतःच भुलीच्या औषधासारखा वागतो. माणूस आधी डोकं दुखतंय म्हणतो, मग पेंगतो, मग असंबद्ध बोलतो, मग हाकेला ओ देत नाही. भुलीच्या औषधांचं माझं काम असल्यामुळे या पायऱ्या मला पाठ आहेत. दवाखान्यात घट्ट मास्कवाल्या मशीननं केलं ते एवढंच, की सासऱ्यांचे ते जास्तीचे श्वास बाहेरून घेऊन दिले आणि साठलेला वायू धुऊन काढला.

दिरांना बोल लावू नका. आकडा वाढला की माणसाला बरं वाटणारच, आणि ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइडबद्दल एक अक्षर सांगत नाही. शिकलेली माणसंही ही चूक करत आलीत. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या रोग्यांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सीओपीडीच्या ज्या रोग्यांना मोजून-मापून, ८८ ते ९२ मध्ये राहील एवढाच ऑक्सिजन दिला, त्यांच्यातले मृत्यू भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. त्यानंतर ८८ ते ९२ हा आकडा आमच्या बोलण्यात पक्का झाला. म्हणजे त्या रात्रीचं ८९ सासऱ्यांसाठी बरोबर होतं. ते बघून काही करायची गरज नव्हती.

मात्र यातून उलटा अर्थ काढू नका. ऑक्सिजन वाईट म्हणून मशीन बंद करून ठेवणारी कुटुंबंही मी बघितलीत. ऑक्सिमीटरचा आकडा ८० वरच राहिला तर हृदय फार दिवस साथ देत नाही. आणि जास्त ऑक्सिजन चालू असताना रोगी पेंगलेला दिसला तर घाबरून नळी एकदम काढू नका. साठलेल्या कार्बन डायऑक्साइडनं फुप्फुसात जागा अडवलेली असते, त्यामुळे ऑक्सिजन पहिल्यापेक्षाही खाली कोसळतो. काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेवर आणा, उशी लावून बसतं करा आणि तिथूनच गाडी बोलवा. फ्लो-मीटरच्या काचेवर एक लिटरच्या जागी लाल नेलपॉलिशची रेघ मारून ठेवा, म्हणजे रात्री चष्मा नसला तरी दिसेल. (नेलपॉलिश सासूबाईंच्या नखावर असेल तर त्या बोटाला ऑक्सिमीटर लावू नका, आकडा चुकतो. हात गार असला तरी चुकतो. आणि सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, म्हणून ८८ च्या जवळ आलं की दोन-तीनदा बघा.) रोज सकाळी आकड्याच्या आधी त्यांना विचारा, "दादा, डोकं दुखतंय का?" उठल्या उठल्या कपाळ ठणकणं, दिवसा बोलता बोलता डुलकी लागणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, यातलं काही दिसलं तर रक्तवायूंची तपासणी करायला सांगा. ती धमनीतल्या रक्ताची असते, सुई थोडी दुखते, पण कार्बन डायऑक्साइड खरा कळतो तो तिच्यातूनच. झोपेची गोळी किंवा खोकल्याचं गुंगीचं औषध मनानं देऊ नका. ती औषधं मेंदूतल्या त्या काटेकोर संवेदकालाच झापड आणतात.

कुणी विचारेल, मग लेह-लडाखला माणसं कशी राहतात? तुमच्याच तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे जवान तिकडे जाऊन आलेत, त्यांना विचारा. लेह ३,५०० मीटरवर, तिथे हवेचा दाब आपल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. तिथे मानेतल्या राखणदाराला खरंच काम पडतं. तो श्वास वाढवतो, पण वाढलेल्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूतला संवेदक ब्रेक लावतो. या ओढाताणीत रात्री झोपेत श्वास थांबत-थांबत चालतो. तीन-चार दिवसांत मूत्रपिंडं क्षार बाहेर टाकून तो ब्रेक सैल करतात; पहिले दिवस आराम करायला लावतात ते यासाठी. पुढे पेशींच्या आतली ऑक्सिजन ओळखण्याची वेगळीच यंत्रणा चालू होते आणि मूत्रपिंडातून एरिथ्रोपोइटिन नावाचं संप्रेरक सुटून लाल पेशी वाढतात. त्या यंत्रणेच्या शोधाला, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना, २०१९ चं नोबेल मिळालं. तिचं काम तास-दिवसांच्या हिशेबानं चालतं, श्वास सेकंदांच्या. सासऱ्यांच्या रात्रीशी तिचा संबंध नाही, म्हणून इथेच सोडतो.

राहिला मुलगा, आणि तुम्ही जाता जाता विचारलेला हा प्रश्न मला सगळ्यात घाईचा वाटतो.

बुडीच्या आधी वीस श्वास जोरानं घेतल्यावर रक्तात ऑक्सिजन वाढत नाही. हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात भरायला जागा कुठे आहे? वीस श्वासांनी एकच गोष्ट होते, कार्बन डायऑक्साइड ४० वरून २५ च्या आसपास उतरतो. म्हणजे वर ये म्हणून ओरडणारा राखणदार पोरांनी स्वतःच्या हातानं दूर पाठवला. आता पाण्याखाली घुसमट सुरू व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी वेळ लागतो. पोराला वाटतं, आज दम वाढला. ऑक्सिजन मात्र आपल्या गतीनं संपत असतो. मानेतली गाठ ओरडते, पण कार्बन डायऑक्साइड कमी असताना तिचं ऐकलं जात नाही हे वर आलंच. त्यात विहीर खोल असेल तर तळाशी पाण्याच्या दाबानं फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाब वाढलेला असतो, म्हणून तिथे बरं वाटतं. वर येताना पाण्याचा भार कमी होतो, तो दाब झपाट्यानं पडतो आणि काठ दोन हातांवर असताना शुद्ध हरपते. धडपड नाही, हाक नाही. बाकीची पोरं वर बसून आकडे मोजत असतात, त्यांना वाटतं गडी विक्रम करतोय. यात नवशिकी पोरं कमी जातात, पट्टीची पोहणारी जास्त जातात.

त्याला आजच सांगा: बुडीच्या आधी जोरजोरानं श्वास घ्यायचे नाहीत. एक नेहमीचा श्वास घ्यायचा आणि जायचं. छातीत कालवाकालव झाली की त्याच क्षणी वर यायचं, ती सहन करायची नाही. कोण जास्त वेळ खाली राहतो ही पैज बंद. एक जण पाण्यात असेल तेव्हा एक मोठा माणूस काठावर, मोबाइल खिशात ठेवून, नजर पाण्यावर.